विजेची नोंदवही कोणी वाचावयाची?

मृग नक्षत्र तोंडावर आले, की चिखली परिसरात सायंकाळच्या सुमारास वारा उठतो, धुळीचे लोट येतात आणि पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच वीज जाते. बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाला हा अनुभव नवा नाही आणि तो एकट्या चिखलीचाही नाही. वीज गेल्यानंतरची चर्चादेखील सर्वत्र ठरलेली असते. कोणी म्हणतो, डीपी उडाली. कोणी म्हणतो, कुठे तरी तार तुटली. कोणी खात्रीने सांगतो, की वीज गेलेली नाही, वरूनच बंद केली आहे. पिठाच्या गिरणीसमोर डबे रांगेत राहतात, परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी मोबाइलच्या उजेडात पुस्तक धरतो, विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणून शेतकरी बांधावर खोळंबतो. दोन-तीन तासांनी वीज येते. आणि ती येताच, ती का गेली होती, हा प्रश्नही संपतो.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका ठिकाणी लिहिले गेलेले असते. ज्या उपकेंद्रातून गावाला वीज येते, तेथील नियंत्रणकक्षात लोखंडी कपाटांवर रिले नावाची लहान यंत्रे बसविलेली असतात. वाहिनीत बिघाड झाला, की तो ओळखून ब्रेकर उघडावयाचा, हे त्यांचे मुख्य काम. परंतु अलीकडच्या अंकीय रिलेंना आणखी एक काम दिलेले आहे. काय घडले, कोणत्या क्षणी घडले आणि कोणत्या क्रमाने घडले, याची नोंद ते आपल्या स्मृतीत करून ठेवतात. ब्रेकर उघडण्याचे काम सर्वांना जाणवते, कारण दिवे विझतात. नोंद ठेवण्याचे काम मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. एखादी दुर्घटना घडली, दोषारोप सुरू झाले, म्हणजे मग तिची आठवण होते; आणि तोपर्यंत ती पुष्कळदा पुसली गेलेली असते.

शाळेचा हजेरीपट, कचेरीतील आवक-जावक नोंदवही, तलाठ्याची फेरफार नोंद यांना समाजात जे स्थान आहे, तेच स्थान विजेच्या या नोंदीला मिळावयास हवे. ते मिळण्यासाठी तीन गोष्टी लागतात. नोंदीवरील वेळ बिनचूक हवी, नोंद वाचणारा माणूस हवा आणि ज्याचे नुकसान झाले त्याला ती पाहण्याचा अधिकार हवा. यांपैकी एकही गोष्ट नसली, तरी हजारो रुपयांचे यंत्र असून नसल्यासारखेच होय.

पताकेपासून मिलिसेकंदापर्यंत

जुन्या काळातील रिले म्हणजे घड्याळजीच्या कौशल्याचा नमुना होता. वीजवाहिनीतील प्रवाह काही हजार अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. तो करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सी. टी., लहान करून रिलेपर्यंत पोचवितो. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला, की रिलेतील धातूची चकती फिरू लागे, ठरावीक फेरा पूर्ण होताच संपर्क जुळे आणि ब्रेकरला उघडण्याचा आदेश जाई. त्याच वेळी काचेमागे एक लहानशी रंगीत पताका खाली पडे. पाळीवरचा यंत्रचालक ती पाही, भिंतीवरील घड्याळात बघून नोंदवहीत वेळ लिही आणि कळ फिरवून पताका पुन्हा वर करी. पताका एवढेच सांगे, की हा रिले चालला. तो नेमका केव्हा चालला आणि शेजारच्या रिलेच्या आधी की नंतर, हे तिला सांगता येत नसे.

एका वाहिनीपुरते हे पुरेसे होते. परंतु मोठ्या बिघाडात काही सेकंदांच्या आत डझनावारी ब्रेकर उघडतात. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. उच्च दाबाच्या वाहिनीवरील रिले एक-दोन आवर्तनांत दोष ओळखतो, ब्रेकर आणखी दोन-तीन आवर्तनांत उघडतो आणि एक-दशांश सेकंदाच्या आसपास सारे आटोपते. एवढ्या अवधीत माणसाची पापणीही पुरती मिटत नाही. मग दहा ठिकाणच्या दहा यंत्रचालकांनी आपापल्या घड्याळांत पाहून लिहिलेल्या वेळांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवावयाचे तरी कसे?

ही अडचण अंकीय रिलेने दूर केली. एडमंड श्वाइट्झर या अमेरिकन अभियंत्याच्या कंपनीने १९८४ मध्ये सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा आपला पहिला रिले पुरविला. दोष ओळखण्याबरोबरच तो किती अंतरावर आहे हे सांगणे आणि घटनेचा वृत्तांत जपून ठेवणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. आजच्या रिलेत दोन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली घटनांची यादी: अमुक क्षणी प्रवाह मर्यादेबाहेर गेला, अमुक क्षणी आदेश सुटला, अमुक क्षणी ब्रेकर उघडला, अमुक क्षणी कोणी तरी तो पुन्हा लावला. प्रत्येक ओळीवर मिलिसेकंदापर्यंतची वेळ असते. दुसरी नोंद म्हणजे विद्युत्‌दाब व प्रवाह यांच्या लाटांचे चित्र; दोष सुरू होण्यापूर्वीची काही आवर्तनेही त्यात टिपलेली असतात. याखेरीज रिलेची मर्यादा कोणी केव्हा बदलली आणि उपकेंद्राच्या बॅटरीचा पुरवठा केव्हा खंडित झाला, यांचीही नोंद पुष्कळ यंत्रांत राहते.

साध्या उदाहरणावरून या नोंदीचे मोल ध्यानात येईल. समजा, ११ के. व्ही.च्या एका वाहिनीवर आठवड्यातून तीनदा, वारा सुटला की, एकाच फेजमधून जमिनीकडे प्रवाह गेल्याची नोंद होत आहे. नोंद वाचणारा अभियंता लगेच ओळखेल, की कोठे तरी झाडाची फांदी तारेला टेकते आहे किंवा चिनी मातीचा इन्शुलेटर तडकला आहे. माणूस पाठवून फांदी छाटली, तर पुढील महिन्यातील दहा वेळचा अंधार वाचेल. नोंद न वाचणारा प्रत्येक वेळी केवळ ब्रेकर लावील आणि ‘वादळामुळे वीज गेली’ असे लिहून मोकळा होईल. यंत्र दोघांकडे एकच आहे. फरक पडतो तो वाचण्याच्या सवयीने.

तीन अंधार, एक धडा

या नोंदीचे महत्त्व जगाला मोठी किंमत मोजून कळले आहे. ९ नोव्हेंबर १९६५ च्या सायंकाळी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा बराचसा भाग अंधारात बुडाला. सुमारे तीन कोटी लोक त्यात सापडले. काही ठिकाणी तेरा तासांपर्यंत वीज नव्हती. आरंभी घातपाताच्या वावड्या उठल्या. नेमके काय झाले हे शोधून काढण्यात तज्ज्ञांचे काही दिवस गेले. अखेर बोट गेले ते नायगारा येथील सर अ‍ॅडम बेक वीजकेंद्रातील एका रिलेवर. त्याची मर्यादा पूर्वी खालच्या आकड्यावर लावलेली होती आणि पुढे वाहिनीवरील भार तिच्या वर गेला. वाहिनीत दोष काहीच नव्हता; रिलेने आपले काम चोख केले, आणि शेजारच्या वाहिन्या वाढीव भाराने एकामागून एक सुटत गेल्या.

१४ ऑगस्ट २००३ रोजी त्याच खंडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. या वेळी नोंदी अपुऱ्या नव्हत्या, उदंड होत्या. परंतु चौकशी करणाऱ्यांना असे आढळले, की अनेक नोंदींवरील वेळा परस्परांशी जुळत नाहीत. काही घड्याळे चुकीची होती, तर काही संगणक घटनांच्या गर्दीने मागे पडून उशिराची वेळ छापत होते. त्यामुळे घटनाक्रम जुळविण्यातच मोठे श्रम खर्ची पडले. एकाच प्रमाणवेळेशी बांधलेली नोंदयंत्रे सक्तीची करावीत, अशी शिफारस त्या चौकशीतून पुढे आली.

भारतावर ही पाळी आली ती २०१२ मध्ये. ३० जुलैच्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर विभागाचे जाळे कोसळले आणि सुमारे ३६,००० मेगावॉट भार अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग एकदम कोसळले. सुमारे ४८,००० मेगावॉट भार गेला आणि साठ कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ पोचली. महाराष्ट्र ज्यात मोडतो तो पश्चिम विभाग त्या दिवशी तगून राहिला. दोन्ही दिवशी प्रारंभ झाला तो मध्य प्रदेशातील बिना-ग्वाल्हेर या ४०० के. व्ही. वाहिनीपासून. ती तुटली नव्हती, तिच्यावर झाड पडले नव्हते. जोडीची दुसरी वाहिनी कामासाठी बंद असल्याने हिच्यावर अतिरिक्त भार आला होता आणि तो भार म्हणजेच दूरवरचा दोष, अशी रिलेची समजूत झाली. हे अनुमान कोणाच्या स्मरणशक्तीवर उभे नव्हते. रिलेने टिपलेल्या नोंदीवर आणि लाटांच्या चित्रावर उभे होते. तथापि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील चौकशी समितीलाही हे नमूद करावे लागले, की अनेक ठिकाणच्या नोंदयंत्रांच्या वेळा एकमेकींशी मिळवलेल्या नव्हत्या. अमेरिकेत नऊ वर्षांपूर्वी जो धडा लिहिला गेला होता, तो येथे पुन्हा नव्याने गिरवावा लागला.

घड्याळ चुकले तर

घड्याळाचा हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. शाळेची घंटा दोन मिनिटे मागे-पुढे झाली, तर काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु दोन साक्षीदारांपैकी एकाचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असेल, तर आधीची घटना नंतरची ठरते, कारण परिणाम बनते आणि निर्दोष माणूस दोषी ठरू शकतो. रिलेतील घड्याळ स्फटिकावर चालते. कोणत्याही मनगटी घड्याळासारखे तेही हळूहळू मागे-पुढे होते. वर्षानुवर्षे न मिळवलेले घड्याळ मिनिटांनीही चुकू शकते. बॅटरीचा पुरवठा तुटून यंत्र पुन्हा सुरू झाले, तर काही यंत्रांतील तारीखच एखाद्या जुन्या वर्षावर जाऊन बसते. कधी एक रिले भारतीय प्रमाणवेळ दाखवितो आणि शेजारचा जागतिक वेळ. मग एकाच घटनेच्या दोन नोंदींत साडेपाच तासांचे अंतर पडते.

यावरचा उपाय ठाऊक आहे आणि तो फारसा खर्चिकही राहिलेला नाही. उपग्रहाकडून वेळ घेणारे एक यंत्र उपकेंद्रात बसवून सर्व रिले त्याला जोडले, की सर्वांची घड्याळे मिलिसेकंदापर्यंत जुळतात. मोठ्या उपकेंद्रांत ही पद्धत रूढ झाली आहे. प्रश्न उरतो तो तालुक्याच्या पातळीवरील लहान उपकेंद्रांचा.

मुंबईचा वाद

नोंद जपणे का आवश्यक आहे, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे १२ ऑक्टोबर २०२० चा मुंबईचा अंधार. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास महानगर आणि लगतच्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या साथीत रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. मुंबईला वीज आणणाऱ्या ४०० के. व्ही.च्या वाहिन्या त्या सकाळी एकामागून एक निकामी झाल्या होत्या. राज्य वीज नियामक आयोगाने स्वतःहून दखल घेतली आणि चौकशा झाल्या.

परंतु वाद तेथेच मिटला नाही. मार्च २०२१ मध्ये, अमेरिकेतील एका वृत्तपत्राच्या बातमीनंतर, राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन परकीय घातपाताची शक्यता मांडली. लगेच तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी हा सायबर हल्ला नसून मानवी चूक होती, असे सांगितले. दोन सरकारांची दोन मते झाली की सामान्य नागरिकाने कोणावर विश्वास ठेवावयाचा? अशा वादात भाषणांनी निर्णय लागत नाही. कोणता ब्रेकर कोणत्या क्षणी उघडला, तो रिलेच्या आदेशाने उघडला, माणसाच्या हाताने उघडला की दुरून आलेल्या संदेशाने उघडला, हे सांगणारी नोंद हाच अशा वेळी आधार असतो.

म्हणूनच नोंद केवळ असून भागत नाही, ती सुरक्षितही असावी लागते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वीजवितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून दुरून ब्रेकर उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. जाताना त्यांनी संगणकांतील माहितीही पुसली. चोराने पावलांचे ठसे झाडून टाकावेत, तसाच हा प्रकार. ज्या यंत्रावर हल्ला होतो, त्याच यंत्रात एकमेव प्रत ठेवली, तर ती नोंद नसल्यातच जमा होय.

नियम कोठपर्यंत पोचतो?

भारतात याविषयी नियम नाही असे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानक विनियमांनुसार जाळ्यातील बिघाडानंतर रिलेच्या घटनानोंदी आणि लाटांची चित्रे २४ तासांच्या आत प्रादेशिक भार प्रेषण केंद्राकडे द्यावी लागतात. परंतु हा नियम आखला आहे तो मुख्यतः २२० के. व्ही. आणि त्यावरील जाळ्यासाठी. चिखलीच्या पिठाच्या गिरणीला, शाळेला किंवा शेतातील कृषिपंपाला वीज देणारी ११ के. व्ही.ची वाहिनी त्याच्या कक्षेत येत नाही. दिल्लीचा अंधार मिलिसेकंदांत मोजला जातो. खेड्यातील अंधार मात्र ‘वादळामुळे’ या एका शब्दात आटोपतो.

तरीही माणसे मरतात ती बहुतांशी या खालच्या जाळ्यात. पावसाळ्याच्या तोंडी तुटलेल्या तारेला स्पर्श होऊन शेतकरी किंवा गुराखी दगावल्याच्या, बैलजोडी गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा अपघाताची सूचना विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ अन्वये विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि चौकशी होते. त्या चौकशीतील मध्यवर्ती प्रश्न एकच असतो: तार पडली तेव्हा रिलेने ब्रेकर उघडला होता काय? उघडला असेल, तर तो पुन्हा कोणी लावला? उघडलाच नसेल, तर का नाही? घरच्यांना भरपाई मिळणे न मिळणे, एखाद्या कर्मचाऱ्याची नोकरी राहणे न राहणे, हे या उत्तरांवर अवलंबून असते. आणि ही उत्तरे रिलेच्या स्मृतीत असतात, किंवा कोठेच नसतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रिलेची नोंद सर्वज्ञ नव्हे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या कोरड्या जमिनीवर तार पडली, तर जमिनीतून जाणारा प्रवाह इतका अल्प असू शकतो, की रिलेला तो नेहमीच्या भारापेक्षा वेगळा वाटतच नाही. तार जिवंत राहते आणि नोंदीत एकही ओळ उमटत नाही. परंतु अशा वेळी नोंदीचे मौनदेखील काही सांगते. तार पडली असताना रिले गप्प राहिला, ही माहिती रक्षणव्यवस्थेतील उणिवेचा पुरावा आहे. तो पुरावा गोळा झाला, तरच उपाय शोधला जाईल.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाची दोरी खाली उपकेंद्रात असलेल्या माणसाच्या हाती असते. परमिट दिलेले असताना वाहिनी चालू झाली, तर पहिला संशय पाळीवरच्या यंत्रचालकावर जातो. तो पुष्कळदा कंत्राटावरचा, तुटपुंज्या पगाराचा, एकटा माणूस असतो. त्याच्या शब्दाला वजन नसते. ब्रेकर तेथील कळीने लागला की दुरून, आणि कोणत्या सेकंदाला, हे नोंद दाखवू शकते. तो दोषी असेल तर दोष सिद्ध होईल. निर्दोष असेल तर त्याच्या बाजूने बोलणारे तेच एकमेव असेल. नोंदीची भीती कर्मचाऱ्यांनी बाळगावी, असे म्हणूनच नाही. किंबहुना तिची गरज सर्वांत अधिक त्यांनाच आहे.

तीस दिवस आणि लहान स्मृती

नोंद नष्ट होण्यासाठी कोणाच्या दुष्टपणाची गरज नसते. रिलेची स्मृती मर्यादित असते. जागा भरली, की नवी नोंद सर्वांत जुनीला पुसून तिच्या जागी बसते. एखादा संपर्क सैल झाला आणि मिनिटामिनिटाला उघडझाप करू लागला, तर निरर्थक ओळींचा असा पूर येतो, की मोलाची नोंद एका दिवसात वाहून जाते. आता कायद्याकडे पाहावे. वितरण कंपनी ही सार्वजनिक प्राधिकरण असल्याने नागरिक माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये अशी नोंद मागू शकतो. परंतु उत्तरासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत आहे. तेवढ्या काळात यंत्राने ती नोंद पुसलेली असू शकते. आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर मग खोटेही ठरत नाही. अर्ज करण्याचा अधिकार आहे, पण ज्याविषयी अर्ज करावयाचा ते जपण्याचे बंधन कोणावर नाही, अशी ही विसंगती आहे.

म्हणून करावयाचे ते फार अवघड नाही. प्रत्येक उपकेंद्रातील रिलेची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवावीत. उपग्रहाचे यंत्र लगेच शक्य नसेल, तर निदान दर महिन्याला ती हाताने मिळवून तशी सही करावी. प्रत्येक अपघातानंतर पंचनाम्याबरोबरच रिलेची नोंद काढून तिची एक प्रत विद्युत निरीक्षकाकडे आणि एक पीडित कुटुंबाकडे द्यावी. जशी मृताच्या वस्तूंची यादी होते, तशी ही यादी व्हावी. आणि महिन्यातून एकदा, प्रत्येक वाहिनी किती वेळा, किती वेळ आणि कोणत्या कारणाने बंद पडली, याचा एक पानाचा मराठी तक्ता उपकेंद्राच्या व नगरपालिकेच्या फलकावर लागावा.

यावर आक्षेप येतील. पहिला मनुष्यबळाचा. तो खरा आहे. रिक्त जागांचा प्रश्न वीज कर्मचारी गेली अनेक वर्षे मांडत आहेत. परंतु नोंद न वाचल्याने त्याच फांदीसाठी दहा वेळा धावपळ करणे, हा मनुष्यबळाचा अधिक मोठा अपव्यय आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: रिलेची माहिती बाहेर गेली, तर शत्रूला उपयोगी पडेल. रिलेची मर्यादा, परवलीचे शब्द, जोडणीचे नकाशे गुप्त राहावेत, यात शंका नाही. परंतु काल सायंकाळी वाहिनी किती वाजता बंद पडली, हे गावातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. केवळ कारण ठाऊक नसते. ते सांगितल्याने देशाला धोका पोचतो, असे म्हणणे पटण्यासारखे नाही. तिसरा आक्षेप लोकांच्या अज्ञानाचा. सामान्य माणसाला या ओळी कळणार नाहीत, असे सांगितले जाते. सातबाराही एके काळी सामान्य माणसाला कळत नव्हता. ज्या कागदावर आपले हित अवलंबून आहे, तो कागद लोक वाचावयास शिकतात. अट एवढीच, की तो त्यांच्या हाती पडला पाहिजे.

चिखलीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील काल्पनिक दोष सोडविण्याबरोबरच आपल्याच तालुक्यातील एका वाहिनीच्या वर्षभराच्या नोंदी अभ्यासल्या, तर त्यांना शिक्षण मिळेल आणि गावाला उत्तर. विज्ञानाचे शिक्षक दहावीच्या वर्गात फ्यूज आणि अर्थिंग शिकवितात. त्याच तासाला फलकावरील तक्ता वाचून दाखविता येईल. कचेरीतील लिपिकाला तर हे सांगावयासच नको, की ज्या कागदावर तारीख नाही आणि जो कोणी उघडून पाहत नाही, त्याचा फाइलमध्ये असून उपयोग शून्य.

पुढच्या मृगातही वारा सुटेल, तारा झुलतील आणि वीज जाईल. कोणतेही यंत्र ते पूर्णपणे टाळू शकणार नाही. परंतु वीज आल्यावर, ती का गेली होती, हे विचारणारा माणूस आणि ते सांगणारा कागद, एवढे दोन तरी उपकेंद्राच्या दारात भेटावयास हवेत. यंत्राने आपल्या वाटणीचे काम केव्हाच केलेले असते. उरलेले काम माणसांचे आहे.